मुंबईत उतरायचं कुठं? मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी हिशोब

जालना–मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत आली. त्याआधी जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. आता जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून निघालेली गाडी भिवंडी तालुक्यापर्यंत विनाअडथळा जाते. मुंबई गाठणं सोपं झालं, पण तिथं गेल्यावर उतरायचं कुठं हा प्रश्न होता तसाच आहे.

टाटा रुग्णालयाची तारीख मिळालेला परतूरचा शेतकरी असो, मुलाखतीला निघालेली उमरग्याची मुलगी असो, मंत्रालयात फाईल अडकलेले गुरुजी असोत, की लेकाकडं अमेरिकेला जायचं म्हणून व्हिसासाठी निघालेले आईवडील असोत. सगळ्यांना गावात दोनच सल्ले मिळतात. "दादरला उतरा, तिथं कुठंबी लॉज मिळतं" किंवा "कल्याणला आपले पाहुणे हायेत की, जावा सरळ त्यांच्याकडं." दोन्ही सल्ले कधी अगदी बरोबर ठरतात आणि कधी माणसाचा अख्खा दिवस वाया घालवतात. कोणता सल्ला कधी लागू पडतो हे कळायचं तर आधी मुंबईची ठेवण समजून घ्यावी लागते.

शहर गोल नाही, लांबट आहे

लातूर, परभणी, बीड ही आपली शहरं मधल्या बाजारपेठेभोवती पसरलेली आहेत. स्टँडजवळ उतरा की नव्या वस्तीत, रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांत कुठंही पोचता येतं. त्यामुळं मुक्कामाची जागा म्हणजे खोली स्वच्छ आहे का आणि भाडं किती, एवढाच विचार करायची सवय आपल्याला असते.

मुंबई ही समुद्रात शिरलेली अरुंद पट्टी आहे. दक्षिण टोकाला मंत्रालय, उच्च न्यायालय, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे सीएसएमटी. शहराला वाढायला जागा होती ती उत्तरेकडंच. म्हणून लोक राहायला उत्तरेला गेले, कचेऱ्या बऱ्याच दक्षिणेत राहिल्या, आणि रोज सकाळी लाखो माणसं खाली येतात, संध्याकाळी वर जातात. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, नवी मुंबई अशी कामाची नवी ठिकाणं तयार झाली तरी या गर्दीचा मुख्य प्रवाह बदललेला नाही.

ही माणसं वाहून नेते ती लोकल. तिचे मुख्य मार्ग तीन. पश्चिम रेल्वेचा चर्चगेटहून विरारकडं, मध्य रेल्वेचा सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडं, आणि सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशीमार्गे पनवेलला जाणारा हार्बर. त्याशिवाय ठाण्याहून थेट नवी मुंबईत उतरणारा ट्रान्स हार्बर आहे. फास्ट लोकल ठरावीक स्टेशनांवरच थांबते, स्लो प्रत्येक स्टेशनावर. परळसारख्या स्टेशनाला जायचं तर साधारणपणे स्लोच पकडावी लागते.

म्हणून मुंबईत एखादी जागा लांब की जवळ, हे किलोमीटरवरून कळत नाही. तुमची खोली आणि तुमचं काम एकाच मार्गावर आहे का, मधे गाडी किती वेळा बदलावी लागते, आणि तुम्ही गर्दीच्या दिशेनं जाणार की उलट, या तीन गोष्टींवर ते ठरतं. सकाळी नऊला दादरहून ठाण्याकडं जाणाऱ्या लोकलमध्ये उभं राहायला तरी जागा मिळते. त्याच वेळी ठाण्याहून दादरकडं यायचं असेल तर डब्यात पाय ठेवता येईल की नाही, याची खात्री नसते.

आपल्याकडं खळं कुठं करायचं हे ठरवताना वावरातली सगळ्यात चांगली जमीन कोणती हे कोणी बघत नाही. पेंढ्या वाहायच्या फेऱ्या कुठून कमी पडतील आणि गाडीवाट कुठं लागते, ते बघून जागा धरतात. मुक्कामाची जागाही अशीच धरायची. फेऱ्या मोजायच्या, त्यातली सगळ्यात अवघड फेरी कोणती ते ओळखायचं आणि ती आखूड करायची.

काम ‘मुंबईत’ म्हणजे नक्की कुठं?

सगळ्यात जास्त हाल होतात ते हे न विचारल्यामुळं. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून परळला आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच संस्थेचं दुसरं मोठं केंद्र, ॲक्ट्रेक, नवी मुंबईत खारघरला आहे आणि पुष्कळ रुग्णांना तिकडं पाठवलं जातं. परळ आणि खारघर यांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे. परळजवळ आठ दिवसांचे पैसे भरून खोली घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की पुढच्या तारखा खारघरच्या आहेत, हे थकलेल्या माणसाला परवडत नाही. हातातल्या कागदावर इमारतीचा पत्ता वाचा. कळला नाही तर रुग्णालयात विचारा आणि मगच खोली धरा.

खारघरला जायचं ठरलं, तर मनमाडमार्गे जाणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंत जाऊच नये. देवगिरी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते. तिथं उतरून ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल पकडली की ती थेट खारघरला नेते. परभणी, परळी, लातूर भागातल्या लोकांसाठी नांदेड–पनवेल एक्स्प्रेस आहे, ती पुण्यावरून पनवेलला सोडते आणि तिथून खारघर हाकेच्या अंतरावर.

एमपीएससीच्या उमेदवारांनीही हे ध्यानात ठेवावं. लोकसेवा आयोगाचं कार्यालय सीबीडी बेलापूरला, म्हणजे हार्बर मार्गावर नवी मुंबईत आहे. मुलाखत तिथं असेल तर दादरला उतरण्यात काहीच फायदा नाही. हार्बर मार्ग दादरला लागतच नाही. दादरहून कुर्ल्याला जायचं, तिथं पूल चढून उतरायचं, मग पनवेलची लोकल. इस्त्रीचे कपडे आणि फाईल घेऊन सकाळच्या गर्दीत हे करण्यापेक्षा वाशी, नेरूळ किंवा बेलापूरला आदल्या रात्री राहिलेलं बरं.

अमेरिकेचा वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आणि विमानतळ आता दोन आहेत. एक अंधेरीजवळचा जुना, दुसरा पनवेलजवळचा नवी मुंबईचा, ज्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तिकिटावर कोणता लिहिलाय हे बघितल्याशिवाय ‘एअरपोर्टजवळ’ खोली बघू नका.

मंत्रालयाचं काम मात्र बऱ्याचदा मुक्कामाशिवाय होतं. सर्वसामान्यांना तिथं प्रवेश मिळतो तो मुख्यतः दुपारी. रात्रीच्या गाडीनं जाऊन, सीएसएमटीला सामान क्लोक रूममध्ये ठेवून, काम करून रात्रीच परत निघता येतं. क्लोक रूमला कुलूप लावलेलीच बॅग घेतात, दोऱ्यानं बांधलेली पिशवी घेत नाहीत, एवढं लक्षात असू द्या. राहायचंच असेल तर आमदार निवास हा आपल्या लोकांचा जुना आधार आहे. मंत्रालयापासून चालत जाता येतं. पण तिथली खोली तुमच्या आमदारांच्या नावावर असते, त्यामुळं निघण्याआधीच त्यांच्या कार्यालयात बोलून ठेवावं लागतं. अधिवेशन चालू असेल तर जागेची आशा धरू नका.

‘लांब राहिलं तर भाडं वाचतं ना?’

वाचतं, हे खरं आहे. कल्याण-डोंबिवलीला किंवा पनवेलच्या बाजूला लॉज स्वस्त पडतं, आणि लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट तर वीस रुपयांच्या आसपास. कागदावर हा हिशोब चोख वाटतो. पण एक सकाळ नीट मांडून बघा.

परळला सकाळी आठला हजर राहायचं आहे. कल्याणहून सीएसएमटी ५४ किलोमीटर, दादर साधारण ४५. लॉजमधून स्टेशनपर्यंत रिक्षा. प्लॅटफॉर्मवर पहिली फास्ट लोकल येते ती भरूनच. सोबत आजारी माणूस असेल तर तिच्यात चढणं शक्य नसतं, दुसरीही सोडावी लागते. तिसरीत कसंबसं चढलात तर दादरला उतरताना पुन्हा रेटारेटी. तिथून परळसाठी स्लो, आणि परळला उतरून पूल आणि पायी वाट. आठला पोचायचं तर पाचच्या आत उठायचं. वेळ एकवेळ निभावेल, पण केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्या माणसाच्या पोटात पाणी टिकत नाही, त्याला हा प्रवास करायला लावायचा का?

दादरच्या पुलावर सकाळी हे चित्र हमखास दिसतं. धोतर-टोपीतला माणूस एका हातात एक्स-रेची मोठी पिशवी आणि दुसऱ्या हातानं बायकोचा दंड धरून जिना चढतोय. अर्ध्यावरच्या चौथऱ्यावर ती बसते, डोक्याचा रुमाल नीट करते. मागून येणारी गर्दी दोघांच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहते. त्यांना कोणी वाईट वागवत नाही, पण थांबायला कोणाकडं वेळही नसतो. त्या जिन्याचे पैसे भाड्याच्या हिशोबात कुठंच येत नाहीत.

त्यामुळं खर्च काढताना एका दिवसाचं भाडं, त्या दिवशीचा सगळा येण्याजाण्याचा खर्च, आणि एखाद्या दिवशी त्राण नाही म्हणून घ्यावी लागलेली टॅक्सी, हे सगळं मिळवून बघा. कल्याणहून परळपर्यंत एकदा टॅक्सी केली की तीन-चार दिवसांची बचत तिथंच जाते. तरुण माणूस, एकच काम, दुपारची वेळ, हातात एक बॅग, असं असेल तर मात्र कल्याण किंवा ठाण्याला खुशाल राहा. गर्दी ओसरल्यावर, साधारण अकरानंतर निघा. त्याला तो स्वस्तपणा खरोखर मिळतो.

ज्यांना कर्करुग्णाला घेऊन लोकलनं जावंच लागतं, त्यांनी एक सोय माहीत करून घ्यावी. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो आणि त्यात कर्करुग्णांनाही बसता येतं. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. डबा प्लॅटफॉर्मवर नेमका कुठं लागतो हे आदल्या दिवशी बघून ठेवलं तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

‘पाहुणे आहेत की, लॉज कशाला?’

१९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं मुंबईत गेली. चेंबूर, मानखुर्द, घाटकोपर, पुढं दिवा, कल्याण, कळंबोली. त्यांच्या घरी गावचा माणूस उतरला तर ती आनंदानं जागा करतात. अनोळखी शहरात आपल्या भाषेत बोलणारं माणूस असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि दवाखान्याच्या कामात तर कुठल्याही लॉजपेक्षा मोठी.

तरी दोन गोष्टींचा विचार आधी व्हावा. एक, पाहुण्यांचं घर कोणत्या मार्गावर आहे. मानखुर्द हार्बरवर आहे. तिथून खारघर, बेलापूर सोपं, परळ अवघड. घाटकोपर मध्य मार्गावर, तिथून दादर-परळ सोपं. दोन, ते घर दहा बाय बाराचं असू शकतं आणि त्यात पाच माणसं आधीच झोपत असतात. दोन रात्रींसाठी ठीक, पण दोन महिन्यांसाठी नाही. ते तोंडानं कधी म्हणणार नाहीत, म्हणून आपणच समजून घ्यावं. पहिल्या एक-दोन रात्री त्यांच्याकडं राहायचं, त्यांना सोबत घेऊन कामाच्या जागेजवळ खोली बघायची, मग तिकडं जायचं, हे मला सगळ्यात माणुसकीचं वाटतं.

मग दादरच का सांगतात सगळे?

कारण दादरला पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग एकत्र येतात आणि देवगिरीसारख्या आपल्याकडच्या गाड्याही थांबतात. काम दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं असेल, म्हणजे एक दिवस परळ, दुसऱ्या दिवशी मंत्रालय, तिसऱ्या दिवशी अंधेरी, तर दादरइतकी सोयीची जागा नाही. परळचं टाटा, केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं तिथून टॅक्सीनं जवळ पडतात.

ऑक्टोबर २०२५ पासून दादरची सोय आणखी वाढली आहे. मेट्रो ३ ही जवळजवळ सगळी जमिनीखालून जाणारी ३३.५ किलोमीटरची मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. तिच्यावर दादर, वांद्रे-कुर्ला संकुल, सीएसएमटी, विधान भवन अशी स्टेशनं आहेत. म्हणजे दादरला राहून मंत्रालय किंवा अमेरिकेचा वाणिज्य दूतावास, दोन्हीकडं लोकलच्या गर्दीत न शिरता जाता येतं. फक्त मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेला, रेल्वे स्टेशनपासून थोडं चालून आहे.

दादरचे काही दिवस मात्र टाळा. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, मराठवाड्यातून तर गाड्या भरून. अभिवादनाला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण दुसऱ्या कामासाठी खोली हवी असेल तर त्या आठवड्यात दादरला मिळायची नाही.

‘नकाशात तर अगदी जवळ दिसतंय’

मोबाईलवर खोली बघताना अंतर सरळ रेषेत दिसतं. मधे रेल्वेचे रूळ असतात. मुंबईत जवळजवळ प्रत्येक स्टेशनाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू आहेत आणि त्या दोन वेगळ्या गावांसारख्या वागतात. पायी जाणाऱ्याला पूल चढावा लागतो, गाडीला लांबचा उड्डाणपूल शोधत जावं लागतं. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हापासून पश्चिमेकडून टाटा-केईएमला टॅक्सीनं जाणाऱ्यांना वळसा पडतो. टाटा, केईएम, वाडिया ही तिन्ही रुग्णालयं रुळांच्या पूर्वेला आहेत. त्यांच्यासाठी खोली घेताना दादर पूर्व किंवा परळ पूर्व हेच बघा.

दुसरं, ऑटोरिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या पुढं दक्षिणेकडं येत नाही. दादर, परळ, भायखळा, सीएसएमटी इथं काळीपिवळी टॅक्सी किंवा बस. ‘स्टेशनपासून रिक्षानं पाच मिनिटं’ असं या भागातल्या लॉजवाल्यानं सांगितलं, तर त्याचं लॉज नक्की कुठं आहे हे पुन्हा विचारा. ॲपवर ‘मुंबई’ लिहिलेली खोली मीरा रोडला किंवा वसईलाही निघू शकते. फोटोतल्या चादरीपेक्षा पत्त्यातलं स्टेशनचं नाव आणि पूर्व की पश्चिम हे महत्त्वाचं.

फोन करून आणखी काही विचारायला संकोच करू नका. गाडी पहाटे पोचते, पण बरीच हॉटेलं दुपारी बाराशिवाय खोली देत नाहीत, काही लॉज मात्र चोवीस तासांच्या हिशोबानं देतात. लिफ्ट आहे का? संडास खोलीत आहे की बाहेर, भारतीय की कमोड? गुडघे दुखणाऱ्या आईसाठी यातलं एखादं उत्तर भाड्यातल्या दोनशे रुपयांपेक्षा मोलाचं असतं.

एकट्या मुलीनं कुठं राहावं?

स्टेशनच्या अगदी तोंडावरच्या गल्लीत नको आणि स्टेशनपासून फार आतही नको. रात्री उशिरापर्यंत दुकानं उघडी असणाऱ्या मुख्य रस्त्यावरची जागा बघावी. लोकल साधारण रात्री एक ते पहाटे चार बंद असते, त्यामुळं त्या वेळात पोचणारी गाडी निवडू नये. रविवारी बरंच काही बिघडतं ते मेगाब्लॉकमुळं. रुळांच्या दुरुस्तीसाठी त्या दिवशी काही मार्ग चार-पाच तास बंद ठेवतात. कोणता मार्ग बंद आहे हे शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. सोमवारी मुलाखत असेल आणि रविवारी पोचणार असाल तर ते जरूर बघा.

पुण्यालाही हाच नियम लागतो का?

लागतो, पण सौम्यपणे. पुण्यात मुख्य भार रस्त्यावर आहे, म्हणून मार्ग बदलण्यापेक्षा वाहतूककोंडी जास्त वेळ खाते. संभाजीनगर-जालन्याकडची एसटी वाकडेवाडीला सोडते, खासगी ट्रॅव्हल्स बऱ्याचदा संगमवाडीला. स्पर्धा परीक्षेसाठी जाणाऱ्याला सदाशिव पेठ आणि तिचा परिसर जवळ हवा, हिंजवडीत मुलाखत असेल तर पेठेत उतरून उपयोग नाही. स्वारगेट ते पिंपरी-चिंचवड आणि वनाज ते रामवाडी या दोन मेट्रोंपैकी एकीच्या स्टेशनाजवळ राहिलात तर निम्मी चिंता मिटते.

उपचार महिनोन्महिने चालणार असतील तर

इथं सगळा हिशोब नव्यानं मांडावा लागतो. लॉजचं भाडं रोजच्या रोज कोणाला झेपणार? टाटाच्या रुग्णांसाठी दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी थेट जाऊन दार वाजवण्यापेक्षा आधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जावं. बऱ्याच धर्मशाळा त्यांच्या चिठ्ठीवरच जागा देतात, आणि कुठं जागा रिकामी होणार आहे हेही तिथंच कळतं. जागा लगेच मिळत नाही, नंबर लावावा लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत, तपासण्या चालू असतानाच, ही चौकशी करून ठेवावी.

केमोमध्ये दोन तारखांच्या मधे बहुधा काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं अंतर असतं. डॉक्टरांनी परवानगी दिली तर मधल्या काळात गावी येता येतं. रेडिएशन साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस आणि कित्येक आठवडे सलग चालतं, तेव्हा जवळची खोली घ्यावीच लागते. ते परळला होणार की खारघरला, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मगच घरमालकाच्या हातात डिपॉझिट ठेवा.